येऊन राह्यले का?

गेल्या हिवाळ्यात एक संपादक बाई आमच्याकडे जेवून गेल्या. जेवता जेवता म्हणाल्या, "मावशी, यंदाच्या दिवाळी अंकात तुम्ही तुमच्या धंद्यावर लिहा." मी म्हटलं, माझी चौथी झाली आहे. त्या म्हणाल्या, त्यानं काही अडत नाही. त्यांना दही पुन्हा हवं होतं म्हणून त्या गोड बोलत होत्या, हे मला कळलं. तरी लिहायला बसले आहे. लिहिताना शाळेत शिकवलं तसं लिहिते. बोलण्यात मात्र आमचं वऱ्हाडीच येतं, आणि मला सांगायची गोष्ट त्या बोलण्यामुळेच घडली, म्हणून बोलणं होतं तसं ठेवलं आहे.

संग्रामपूरकडून सातपुड्याच्या पायथ्याला जाणाऱ्या रस्त्यावर माझं भोजनालय आहे. समोर मोठं पार्क आहे. त्याचं नाव सांगत नाही, फाटकावर ते पुरेसं मोठं लिहिलेलं आहे. आत उंच पाळणे आहेत, झुकझुक गाडी आहे, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत आणि सिमेंटचं एक खेडं आहे. त्या खेड्यात सिमेंटची बाई सिमेंटच्या चुलीपुढे बसून सिमेंटची भाकर थापते. लोक तिकीट काढून तिच्याजवळ फोटो काढतात. मग भूक लागते आणि रस्ता ओलांडून आमच्याकडे येतात, कारण तिची भाकर काही होत नाही.

सुट्टीच्या दिवसांत आमच्याकडे जेवण आधी सांगून ठेवावं लागतं. शहरातल्या लोकांना याचं नवल वाटतं. खेड्यातल्या भोजनालयात काय टेबल राखून ठेवायचं, असं म्हणतात आणि मग लेकरं रडायला लागली की दाराशी उभे राहतात. भाजी-भाकर वेळेवर होते. रोडगे होत नाहीत. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक तेल-ओवा घालून घट्ट मळायची, गोळे करायचे, अंगणात गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, धूर मरून निखारे पडले की त्यात गोळे पुरायचे आणि उलटत राहायचे. घाई केली तर वरून कोळसा, आतून पीठ. म्हणून फोन आला की मी पहिलं विचारते, किती पानं? पान म्हणजे एका माणसाचं जेवण. मुंबईचे एक गृहस्थ म्हणाले, "पानाचं जेवणानंतर बघू, मावशी." त्यांना वाटलं मी विड्याचं विचारते आहे.

सांगितलेल्या टेबलावर मी पितळी पेला उपडा ठेवते. आधी पाटी लावून पाहिली. लोक पाटी वाचत, बाजूला सरकवत आणि बसत. उपडा पेला दिसला की माणूस जरा थबकतो. अकोल्याचा एक जण तरी बसलाच आणि पेला उचलायला हात पुढे केला. मी म्हटलं, "ठेवा तसाच. खाली इचू हाय." तो उठला. विंचू पेल्याखाली कशाला बसेल, हे त्यानं विचारलं नाही. भुकेल्या माणसाला फार प्रश्न पडत नाहीत.

दुसरा एक साहेब होता. तो या रस्त्यावरच्या तीन भोजनालयांत टेबल सांगून ठेवायचा आणि ज्याच्याकडे आधी ताट येईल तिथे जेवायचा. बाकी दोघांचं अन्न वाया. एकदा मी त्याला शेजारच्या दारात पकडलं. "साहेब, तुमी तीन घरी सांगता, तुमाले पोटं किती हाय?" म्हटलं. तो हसला. पण तेव्हापासून मी नेम केला, आदल्या दिवशी सगळ्यांना फोन करायचा आणि पक्कं विचारायचं. याच नेमानं मला एकदा आडवं पाडलं.

आमच्याकडचे रोडगे शकुंतला करते. लोक माझ्या नावानं येतात, पण माझ्या हाताला रोडगे येत नाहीत. माझे दगड होतात. तिचे भिंतीवर टाकले तर फुटतील इतके खुसखुशीत. नवरा वारला तेव्हा ती लहानग्या मुलीला कडेवर घेऊन कामाला आली. ती मुलगी, पल्लवी, माझ्या अंगणात वाढली, नर्सिंग शिकली आणि खामगावला दवाखान्यात लागली. शकुंतला कमी बोलते. बोलली की मात्र समोरच्याला पाणी प्यावं लागतं.

पल्लवीला पुण्याचं स्थळ आलं. मुलगा निखिल, कंपनीत नोकरी. बाप मूळचा डोणगावचा, पण लहानपणीच घर सुटलेलं. आई, सुनंदाबाई, पुण्यात जन्मलेली आणि पुण्यातच वाढलेली. मुलगी बघायला हल्ली कोणी घरी येत नाही. नाताळच्या सुट्टीत हे लोक पार्क बघायला येणार होते, तेव्हाच माझ्याकडे जेवायला बसायचं आणि मुलगी बघायची, असं ठरलं. सुनंदाबाई फार नेटक्या. कुठल्या पाळण्यात केव्हा बसायचं, चहा कुठे घ्यायचा, सगळं त्यांनी घरूनच ठरवलं होतं. त्यांनी कितीतरी आधी मला फोन केला. रविवारी दुपारी आठ पानं, खिडकीजवळचं टेबल, आणि रोडगे हवेतच. "आमच्या ह्यांनी रोडग्यांचा ध्यास घेतलाय," म्हणाल्या.

मी शकुंतलेला सांगितलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी सयपाक नाई करत. मी बसीन."

"कुठी बसशीन?"

"टेबलावर. त्याईच्या बरोबर. पोरीची माय म्हणून." मग पिठावर पाणी शिंपडून म्हणाली, "इतक्या वर्षांत त्या टेबलावर मी फडकंच मारलं. एक दिवस बसून पायते."

मी म्हटलं, "बस. रोडगे मी लावते."

"निखारे पडू देजा," ती म्हणाली. "तुमाले घाई असते."

तिनं अंजिरी रंगाची साडी काढून ठेवली. पल्लवी रजा घेऊन आली. शनिवारी मी नेमाप्रमाणे सगळ्यांना फोन लावले. पार्क भरलेलं, भोजनालय भरलेलं, भांड्यांचा आवाज. सुनंदाबाईंना विचारलं, "उद्या येऊन राह्यले ना तुमी?"

त्या म्हणाल्या, "नाही नाही, राहणार नाही आम्ही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "नाई येऊन राह्यले?"

"नाही हो मावशी. राहायचं तुम्ही मनातच आणू नका. उगाच तुम्हाला त्रास."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला. जेवण रद्द करणाऱ्याशी मी भांडत नाही. पण हे नुसतं जेवण नव्हतं.

शकुंतलेला सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही, भाजीकडे पाहिलं. "शकू, पुण्याचे नाई येऊन राह्यले."

तिनं हातातलं वांगं चिरून संपवलं. "नाई म्हणलं?"

"दोनदा म्हणलं. मनातच आणू नका म्हणे."

"बरं."

"फोन करून विचारू का, काऊन म्हणून?"

"काऊन विचारायचं?" ती म्हणाली. "नाई म्हणणाऱ्याले कारण विचारलं, की तो आपल्यातलीच खोड काढते. उद्या मी येते कामावर. गर्दी हाय."

खिडकीजवळच्या टेबलावर उद्यासाठी उपडा ठेवलेला पेला मी सुलटा केला. ते टेबल बुऱ्हाणपूरच्या एका कुटुंबाला दिलं. रोडगे सांगितलेलं दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून जगरा लावायचा नाही असं ठरलं.

रविवारी शकुंतला रोजच्या विटक्या साडीत आली. पल्लवीही सोबत आली. घरी बसून काय करू, म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली. दुपारी बुऱ्हाणपूरची मंडळी खिडकीजवळ बसून जेवत होती. तेवढ्यात दारात एक मोठी गाडी थांबली. इस्त्रीची साडी नेसलेल्या एक बाई उतरल्या, घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "मावशी, मी सुनंदा. अगदी वेळेवर आलो ना? आमचं टेबल कुठलं?"

मी म्हटलं, "कोणतं टेबल?"

"खिडकीजवळचं. मी केव्हाच सांगितलंय. काल तुम्हीच फोन केलात."

"अन् तुमीच नाई म्हणलं."

"मी कधी नाही म्हटलं?"

"दोनदा. मी इचारलं, येऊन राह्यले का. तुमी म्हणे, नाई राहणार."

"मग? राहणार नाहीच आहोत. पार्कातच खोली घेतलीय. तुम्ही राहायला येताय का विचारलंत, मी नाही म्हटलं. तुमच्याकडे फक्त जेवायला येणार होतो."

मागे त्यांचे यजमान उभे होते. त्यांना हसू फुटलं आणि ते दाराचा खांब धरून हसत राहिले. "अगं," ते म्हणाले, "येऊन राह्यले का म्हणजे येताय का. इथं कोणी कुठं राहत नाही. जेवून राह्यलो म्हणजे जेवतो आहे. माझी आई असंच बोलायची."

सुनंदाबाई माझ्याकडे वळल्या. "मग सरळ येताय का, असं विचारायला काय झालं होतं?"

"मंग तुमाले सरळ येतो म्हणाले काय झालतं?"

दोघीही खऱ्या होतो, त्यामुळे दोघींचाही राग वाढत होता. पण मला स्वयंपाकघराची आठवण झाली आणि माझा राग गेला. मी आत गेले.

"शकू, ते आले."

"कोण?"

"पुण्याचे. त्या बाईले माह्यं बोलणं समजलं नाई, मले तिचं. ते नाई म्हणलेच नव्हते."

शकुंतलेनं आधी आपल्या हातांकडे पाहिलं, मग पल्लवीकडे. पल्लवीच्या कोपरापर्यंत पीठ होतं, कपाळालाही लागलं होतं. शकुंतलेनं विचारलं, "टेबल?"

"देलं."

"रोडगे?"

"नाई."

ती उठली आणि अंगणात जाऊन गोवऱ्या रचायला लागली. मी मागे गेले. "शकू, तू बस त्याईच्यात. साडी घरून आणवते. रोडगे मी लावते."

"तुमचे दगड होतात, बाई. माह्या पोरीले दगडावर उजवाची हाय का?" तिनं काडी ओढली. "पोरीले अन् त्या पोराले पार्कात धाडा. जगरा होईस्तोवर फिरतीन."

पल्लवी म्हणाली, "आई, कपडे?"

"कपड्याले काय झालं? हात धू अन् जाय."

ती तशीच गेली. कपाळावरचं पीठ तिला कोणी सांगितलं नाही. निखिलनंही सांगितलं नाही, असं मला नंतर कळलं. त्याला ते कुंकवासारखं काही रिवाजाचं वाटलं होतं.

पुण्याच्या लोकांसाठी मी अंगणात बाजा टाकल्या. यजमान बाजेवर बसून धुराकडे असे बघत होते, जणू पार्क इथेच आहे. सुनंदाबाईंचं मात्र सगळं वेळापत्रक मोडलं होतं. थोडा वेळ येरझाऱ्या घातल्या, मग शकुंतलेजवळ येऊन पाटावर बसल्या. "मी काही करू का?"

"तुमी पाव्हण्या हाय. बसा."

"मी सगळं आधी ठरवून ठेवते हो," सुनंदाबाई म्हणाल्या. "म्हणजे काही राहून जाऊ नये."

"मंग राह्यलं ना," शकुंतला निखाऱ्यांकडे बघत म्हणाली. "रोडगेच राह्यले."

सुनंदाबाईंना हे मात्र लगेच समजलं. त्या हसल्या. मग शकुंतलेनं त्यांच्या हातात एक गोळा दिला आणि कसा वळायचा ते दाखवलं. त्यांचा गोळा वाकडा झाला. शकुंतलेनं तो मोडला नाही, तसाच निखाऱ्यात पुरला. तिच्या मानानं हे फार झालं. माझे वाकडे गोळे ती माझ्यादेखत मोडते.

मुलं परत आली तेव्हा रोडग्यांची राख झटकणं चाललं होतं. आत जागा नव्हतीच, म्हणून अंगणात पंगत मांडली. वरण, वांग्याची भाजी, फोडलेल्या रोडग्यावर तूप. पल्लवी वरणाचं भांडं घ्यायला स्वयंपाकघरात आली, तेव्हा मी तिला अडवलं.

"कसा हाय पोट्टा?"

"पाळण्यात भेला."

"मंग?"

"मंग काय. भेलो म्हणून सांगतलं त्यानं. वरून खाली आल्यावर माणसं म्हणतात, मजा आली. हा म्हणे, मी डोळे मिटले होते." तिनं भांडं उचललं आणि दारातून अंगणाकडे पाहिलं. तिकडे निखिल म्हणत होता, "काकू, तुम्ही बसा ना आमच्याबरोबर."

"बसते, बसते," शकुंतला म्हणाली आणि तूप वाढायला पुढे गेली.

तो पुन्हा म्हणाला. ती पुन्हा बसते म्हणाली. वाढणाऱ्या बाईचं बसते आणि पुण्याच्या बाईचं राहणार नाही, दोन्हींचा अर्थ शब्दावरून धरू नये. ती शेवटपर्यंत बसली नाही. सगळे उठल्यावर चुलीजवळ उभ्यानं जेवली. अंजिरी साडी घरी घडीतच होती.

पंगत चालू असतानाच पल्लवी दारातून मला म्हणाली, "आईले बस म्हणणारा तो एकटाच हाय. पंगत बसल्यावर तुमी बी नाई म्हणलं, काकू."

मला वाढायचं होतं. मी भाकरीची टोपली घेऊन बाहेर गेले.

लग्न झालं. थाट केला नाही, पण रोडगे केले आणि ते शकुंतलेनंच केले, कारण स्वतःच्या मुलीच्या लग्नातही ती माझ्यावर निखारे सोपवायला तयार नव्हती. सुनंदाबाई अजून सुट्ट्या घरूनच आखतात. मला फोन करतात तेव्हा मुद्दाम विचारतात, "मावशी, तुम्ही जेवून राह्यल्या का?" मी म्हणते, जेवून राह्यली. त्या जेवण झाल्यावर फोन करतात, तरी म्हणते. मीही सुधारले आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला मी आता "येताय का" विचारते. ते बोलताना आपण रेडिओवर आहोत असं वाटतं.

यंदा आंब्याच्या दिवसांत पुण्याहून पल्लवीचा फोन आला.

"काकू, टेबल सांगाचं होतं. खिडकीजवळचं. पुढच्या मंगळवारी."

"किती पानं?"

"दोन."

"येऊन राह्यली का?"

"हाव. अन् राहणार बी हाय. बाळ होईस्तोवर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "जावई?"

"तो मागून येईन. दोन पानं म्हणजे एक माह्यं अन् एक आईचं. रोडगे पायजे. पण आईले सांगू नका. सांगतलं त ती सकाळपासून जगऱ्यापाशी बसन."

"मंग रोडगे कोण लावन?"

"तुमी."

"माहे दगड होतात."

"होऊ द्या," ती म्हणाली. "आई बसली पायजे."

मंगळवारी मी शकुंतलेला सकाळीच बाजारात पाठवलं, नको असलेल्या भाज्या आणायला. तेवढ्यात जगरा लावला. निखारे पडू दिले. मला घाई असते, पण धीर धरला. टेबलावर दोन पेले उपडे ठेवले.

ती आली, पिशव्या ठेवल्या आणि सवयीनं फडकं घेऊन खिडकीकडे गेली. "हे कोणाचं हाय?"

"सांगतलेलं हाय."

"किती पानं?"

"दोन."

तिनं टेबल पुसलं. पेला पुसायला उचलणार, तेवढ्यात मी म्हटलं, "ठेव तसाच. खाली इचू हाय."

"मले सांगता?" ती म्हणाली. तेवढ्यात तिला जगऱ्याचा वास आला. तिनं नाक वर केलं, अंगणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दारात ऑटो थांबला आणि पल्लवी सावकाश उतरली, एक हात कमरेवर ठेवून. शकुंतला धावली नाही. दारापर्यंत गेली, तिची पिशवी घेतली, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वाळली." पोट एवढं पुढे आलेलं असताना.

पल्लवी टेबलाजवळ बसली. शकुंतला उभी.

"शकू, बस," मी म्हटलं.

"बसते, बसते. आधी ते रोडगे..."

"बसते नाई. बस."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. फडकं घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसली, खुर्ची मळू नये म्हणून. मी दोन्ही पेले सुलटे केले, पाणी ओतलं, ताटं मांडली, वरण वाढलं. बाकीची गिऱ्हाइकं बघत होती. बघू दिलं.

रोडगा मी ताटात ठेवला. शकुंतलेनं तो उचलला, हातावर तोलला आणि टेबलाच्या कडेवर आपटून पाहिला. टक्क असा आवाज झाला.

"दगडच हाय, बाई," ती म्हणाली.

मग तिनं बसल्या जागेवरून तूप मागितलं.